मेंदूला सूज आलेल्या पेशंटची थायरॉइड टेस्ट: रक्त कधी काढायचं, रिपोर्ट कसा वाचायचा

मी नागपूरच्या धंतोलीत लॅब टेक्निशियन आहे. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते आणि मेंदूला सूज येते तो आजार. त्याच्या पेशंटचे नातेवाईक थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन काउंटरवर येतात आणि विचारतात, भाऊ, हे लाल रंगात काहून आलं? मी उलटा प्रश्न विचारतो की रक्त कोणत्या दिवशी काढलं आणि त्याआधी पेशंटला काय काय दिलं होतं. निम्म्या वेळा कोणालाच सांगता येत नाही. आणि या आजारात ते माहीत नसेल तर तो रिपोर्ट वाचताच येत नाही, टीएसएचचा (थायरॉइडला कामाला लावायला मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी सोडते त्या हार्मोनचा) आकडा कितीही स्पष्ट छापलेला असला तरी.

माझ्या स्वतःच्या वहिनींना हा आजार झाला तेव्हा मीसुद्धा दोन चुका केल्या, त्या खाली येतीलच. थायरॉइडची गोळी सुरू करायची की नाही हे न्यूरोलॉजिस्ट आणि एन्डोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, हेच ठरवणार. नातेवाइकांच्या हातात जे असतं तेवढंच मी इथे सांगतोय.

१. पहिलं स्टिरॉइड लागायच्या आधी रक्त काढून ठेवा

सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. या आजारात निदानाचा संशय पक्का झाला की बहुतेक वेळा मिथाइलप्रेडनिसोलोनचं रोज १ ग्रॅमचं सलाईन ३ ते ५ दिवस चालतं, त्याच्यासोबत किंवा नंतर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजी, साधारण ५ दिवस, आणि काहींना प्लाझ्मा एक्स्चेंज. ही तिन्ही थायरॉइडचा रिपोर्ट बिघडवतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. स्टिरॉइड टीएसएच खाली दाबतं आणि शरीरात टी४ चं टी३ होणंही कमी करतं (टी४ आणि टी३ हे थायरॉइडचे दोन हार्मोन). आयव्हीआयजी हजारो डोनरच्या रक्तापासून बनतं, त्यात त्यांच्या अँटिबॉडी असतात, थायरॉइडविरुद्धच्यासुद्धा, त्यामुळे ज्याला कधीच थायरॉइड नव्हता त्याची टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट, पॉझिटिव्ह येऊ शकते. प्लाझ्मा एक्स्चेंज उलटं करतं, अँटिबॉडी आणि हार्मोन दोन्ही काढून टाकतं.

म्हणून ॲडमिट झाल्याच्या पहिल्या दिवशी, बाकीच्या रक्तासोबतच, डॉक्टरांना विचारायचं की टीएसएच, फ्री टी४, फ्री टी३, टीपीओ अँटिबॉडी आणि सकाळचं कॉर्टिसॉल पाठवलंय का. कॉर्टिसॉल म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीचं, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड; ते कशाला ते सहाव्या टप्प्यात सांगतो, पण त्याचं रक्तसुद्धा स्टिरॉइडआधीच निघायला पाहिजे, एकदा स्टिरॉइड गेलं की तो आकडा कामाचा राहत नाही.

फ्री टी४ म्हणा, नुसतं टी४ नाही. फरक आहे, फ्री म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं, टोटल म्हणजे सगळं मिळून. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा गरोदर बाईचं टोटल टी४ थायरॉइड ठीक असतानाही जास्त येतं, आणि एनएमडीए रिसेप्टर नावाच्या प्रकारात तर पेशंट बऱ्याचदा तरुण मुलीच असतात. गरोदर असेल तर टीएसएचची रेंजही वेगळी धरतात, ते फॉर्मवर लिहायलाच लावा.

थांबा: रक्तासाठी उपचार अडवायचे नाहीत. रक्त काढायला दोन मिनिटं लागतात, रिपोर्ट नंतर आला तरी चालतो, पण "थायरॉइडचा रिपोर्ट येऊ द्या मग सलाईन लावा" असं कोणीही म्हणायचं नाही.

आणि समजा स्टिरॉइड लागूनच गेलं? तरी एक रस्ता उरतो, तो बाहेर फार लोकांना माहीत नसतो. ॲडमिशनच्या वेळी काढलेल्या रक्ताचं उरलेलं सिरम बहुतेक लॅबमध्ये फ्रिजमध्ये एकदोन दिवस तरी ठेवलेलं असतं. लॅबला फोन करायचा, पेशंटचं नाव आणि बारकोड नंबर सांगायचा आणि म्हणायचं की अमुक तारखेच्या सॅम्पलवर टीएसएच आणि टीपीओ ॲड करता येईल का. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, सिरम पुरेसं उरलं असलं पाहिजे, पण होतं. मी स्वतः कितीतरी वेळा केलंय.

२. औषधांचं एक पान बनवा, आणि त्यावर वेळ टाका

शंभर पानी मोठी वही नको, एकच पान. डाव्या बाजूला तारीख-वेळ, उजवीकडे काय झालं ते. वहिनींच्या वेळचं पान माझ्याकडे अजून आहे, दादाचं अक्षर:

१४ तारीख, सकाळी ६.४० – रक्त काढलं, थायरॉइडसकट
१४ तारीख, ९.१५ – पहिलं स्टिरॉइड सलाईन
१४ तारीख, दुपारी – फिटची गोळी बदलली
१५ तारीख – सीटी, हाताच्या नसेतून डाय दिला

एवढंच. पण या चार ओळींमुळे पुढे दोन आठवड्यांनी एन्डोक्रायनोलॉजिस्टला दहा मिनिटांत सगळं कळलं.

पानावर काय काय लिहायचं? फिटची औषधं तर नावासकट. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन टी४ कमी दाखवतात, टीएसएच बहुतेकदा नॉर्मलच राहतं. व्हॅल्प्रोएटने टीएसएच थोडं वर जाऊ शकतं. लेव्हेटिरासेटामची या बाबतीत काळजी नसते. पोटाच्या कातडीत रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात ना, हेपारिन किंवा त्याचा भाऊ एनॉक्सापॅरिन, त्याने ट्यूबमधलं फ्री टी४ खोटं वाढलेलं दिसू शकतं. आयसीयूमध्ये बीपीसाठी डोपामिन चालू असेल तर टीएसएच खाली. लिथियम नक्की लिहा, कारण या आजाराची सुरुवात बडबड, भास, संशय, झोप उडणं अशी होते, घरचे आधी "बाहेरचं काही झालं" म्हणून फिरतात, मग मानसोपचार तज्ज्ञाकडे जातात, आणि तिथे कधी कधी लिथियम सुरू झालेलं असतं. ते खरोखरचा हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइड कमी चालणं, करू शकतं.

सीटीचा डाय आयोडीनवाला असतो, त्याचा परिणाम काही आठवडे राहू शकतो. ट्यूमर आहे का शोधायला छाती-पोटाचा सीटी या पेशंटचा बऱ्याचदा होतो. एमआरआयचा डाय वेगळा, त्यात आयोडीन नसतं, त्याची चिंता नको. पेशंटला आधी कॅन्सरची इम्युनोथेरपी झाली असेल तर ते पानावर सगळ्यात वर, लाल पेननं, कारण त्या औषधांनी मेंदू आणि थायरॉइड दोन्हीकडे एकाच वेळी सूज येऊ शकते.

आता बायोटिन, म्हणजे केस-नखांच्या गोळ्यांतलं व्हिटॅमिन. हे वेगळं सांगतो कारण इथे मी स्वतः तोंडावर पडलो.

वहिनी घरी आल्या, दोनेक महिन्यांनी केस गळायला लागले, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं केसांची गोळी दिली. फॉलोअपचं रक्त मीच घरी जाऊन काढलं, मीच मशीनवर लावलं. टीएसएच ०.०३, फ्री टी४ रेंजच्या बरंच वर. माझ्याच पोटात गोळा आला. दादा म्हणाला, "अरे आता हे काय नवीन सुरू होऊन राहिलं?" पण वहिनी समोर निवांत बसलेल्या, नाडी ७६, हात थरथरत नाही, वजन उलट वाढलेलं. आकडे एक सांगत होते आणि समोरचा माणूस दुसरंच. मग त्यांची औषधांची पिशवी उलटी केली तर त्यात बायोटिन १० मिलिग्रॅमची स्ट्रिप. तीन दिवस बंद ठेवून परत रक्त घेतलं, टीएसएच २.६. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

सगळ्या मशीनवर हा घोळ होत नाही, ज्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरतात त्यांच्यावर होतो, पण तुमच्या लॅबमध्ये कोणती किट आहे हे तुम्ही कुठे शोधत बसणार. केस-नखं-त्वचेची कोणतीही गोळी असेल तर डॉक्टरांना सांगून टेस्टआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा.

तपासून घ्या: लॅबच्या फॉर्मवर "स्टिरॉइड चालू, कितवा दिवस" एवढी तरी ओळ आहे ना? नसेल तर तुम्ही सांगा, आम्ही लिहितो.

३. सॅम्पल देताना

फार काही नाही. सकाळचं रक्त द्या आणि दर वेळी साधारण त्याच सुमाराला द्या, टीएसएच रात्री वर आणि दुपारी खाली असतं. पुढच्या टेस्टा शक्यतो एकाच लॅबमध्ये. आधीची टेस्ट मेडिकल कॉलेजला, मग रामदासपेठेत, मग गावी बालाघाटला, असे तीन मशीनचे तीन आकडे घेऊन ट्रेंड काढता येत नाही. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, आधी घेतली तर फ्री टी४ काही तास चढलेलं दिसतं.

प्लाझ्मा एक्स्चेंज चालू असेल तर रक्त त्या दिवशीच्या सेशनच्या आधी. नंतर काढलेलं सॅम्पल म्हणजे टाकी अर्धी रिकामी केल्यावर पाण्याची पातळी मोजणं.

४. रिपोर्ट वाचताना: आधी पेशंट, मग आकडा

मोठ्या माणसात टीएसएचची नेहमीची रेंज साधारण ०.४ ते ४. आता आयसीयूतल्या पेशंटला ती रेंज तशीच लावायची नाही, कारण कोणत्याही गंभीर आजारात शरीर स्वतःच थायरॉइडचा कारभार मंद करतं. यात थायरॉइड ग्रंथी धडधाकट असते.

*टी३ कमी, टी४ नॉर्मल, टीएसएच नॉर्मल.* सगळ्यात जास्त दिसणारा रिपोर्ट. हा आजारपणाचा परिणाम, थायरॉइडचा आजार नाही. एनएमडीए रिसेप्टर प्रकारात टी३ कमी असलेल्या पेशंटांचा आजार जास्त तीव्र असतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पण म्हणून बाहेरून टी३ दिलं की मेंदू लवकर बरा होतो असं नाही. यावर गोळी मागू नका.

*टीएसएच थोडं कमी, समजा ०.१ ते ०.४, स्टिरॉइड चालू.* अपेक्षितच आहे. सोडून द्या, नंतर परत करा.

*टीएसएच जवळजवळ शून्य आणि फ्री टी४ वाढलेलं.* हे सोडायचं नाही. आधी बायोटिन आणि हेपारिन तपासा, मग खरा हायपरथायरॉइड, म्हणजे थायरॉइड जास्त चालणं, आहे का ते डॉक्टर बघतील. इथे एक गंमत, म्हणजे गंमत कसली, डोकेदुखीच: एनएमडीए प्रकारात मेंदूचं हृदय-घाम-बीपीवरचं नियंत्रणच बिघडतं, त्यामुळे नाडी १३०-१४०, घामाघूम, ताप, असं थायरॉइड वाढल्यासारखंच चित्र दिसतं. नुसत्या नाडीवरून "थायरॉइडच आहे" म्हणायचं नाही.

*टीएसएच वाढलेलं, पण २० च्या आत, आणि पेशंट सुधारतोय.* बरं होताना टीएसएच काही दिवस उसळी घेतं. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त गोळ्या उगाच सुरू होतात आणि मग वर्षानुवर्षं कोणी बंद करत नाही, कारण प्रत्येक नवा डॉक्टर समजतो की आधीच्याने विचार करूनच दिली असेल. काही आठवड्यांनी परत टेस्ट करायची का, एवढा प्रश्न विचारा.

*टीएसएच २० च्या वर आणि फ्री टी४ कमी.* हा बहुतेक खरा हायपोथायरॉइड. उपचार लागणार.

*फ्री टी४ कमी आणि टीएसएचही कमी किंवा नॉर्मल.* फार आजारी पेशंटमध्ये दिसू शकतं, फेनिटॉइनने दिसू शकतं, आणि क्वचित पिट्युटरीच्या बिघाडाने. हा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरवू नका, एन्डोक्रायनोलॉजिस्टच लागतो.

सोडियमकडेही बघा. ते कमी असेल तर लोक लगेच थायरॉइडवर ढकलतात, पण एलजीआय१ नावाच्या अँटिबॉडीच्या एन्सेफलायटिसमध्ये सोडियम स्वतःहूनच कमी होतं.

५. टीपीओ पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झालं असं नाही

वहिनींच्या वेळची माझी दुसरी चूक. पहिल्या रक्तात टीएसएच गेलं पण टीपीओ राहून गेलं, ते मी आयव्हीआयजीच्या तिसऱ्या दिवशी पाठवलं. आलं पॉझिटिव्ह, थोडंसंच. वॉर्डमध्ये कोणीतरी "हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी" (थायरॉइडच्या अँटिबॉडीशी जोडला जाणारा मेंदूचा आजार) हा शब्द उच्चारला, दादानं गूगल केलं आणि रात्री अकरा वाजता मला फोन, "अरे हे तर थायरॉइडच निघालं बाप्पा, मग एवढी महाग इंजेक्शनं कशाला करून राहिलो आपण?" सकाळपर्यंत त्याला उपचार थांबवण्यापासून अडवणं हेच माझं काम झालं. पाच महिन्यांनी तीच टेस्ट परत केली, निगेटिव्ह. ती अँटिबॉडी वहिनींची नव्हतीच, बाटलीतून आली होती.

आणि आयव्हीआयजी नसतानाही, धडधाकट लोकांत साधारण दहात एकाची टीपीओ पॉझिटिव्ह असते, बायकांत आणि वय वाढेल तशी जास्त. म्हणजे ज्याला एन्सेफलायटिस झाला त्याच्याकडे ती योगायोगानेही असू शकते. हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी हे निदान बाकी सगळं वजा केल्यावर उरतं: थायरॉइडचा सौम्य बिघाड, एमआरआय नॉर्मल किंवा काही खास न सांगणारा, रक्तात आणि मणक्याच्या पाण्यात मेंदूविरुद्धच्या ओळखीच्या अँटिबॉडी नाहीत, आणि दुसरं कोणतंही कारण सापडत नाही. म्हणून टीपीओ आली म्हणून मणक्याचं पाणी काढायचं टाळणं, किंवा मेंदूच्या अँटिबॉडीची महागडी टेस्ट रद्द करणं, ही चूक महागात पडते. आकडा १०० आहे की १२०० यावरून मेंदूचा आजार किती वाढलाय तेही कळत नाही. दर पंधरा दिवसांनी टीपीओ करत बसणं म्हणजे आमच्या लॅबचा फायदा, तुमचा काही नाही.

६. गोळी सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारा

"कॉर्टिसॉल बघितलंय का?" एवढाच. पिट्युटरी किंवा ॲड्रिनल कमी चालत असेल आणि आधी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, दिली तर पेशंट अचानक कोसळू शकतो. स्टिरॉइड चालू असताना हा बिघाड झाकला जातो, धोका येतो ते कमी करत आणताना. म्हणून स्टिरॉइडचा डोस स्वतःच्या मनानं कधीच बंद करायचा नाही, "तोंड सुजलं" म्हणूनसुद्धा नाही. सुजलेलं तोंड, वाढलेलं वजन, थकवा हे घरचे लोक हमखास थायरॉइडच्या खात्यात टाकतात. बहुतेकदा ते प्रेडनिसोलोनचंच असतं.

थांबा: थायरॉइडचा संशय असलेला पेशंट गुंगीत जातोय, अंग थंड पडतंय, श्वास मंद होतोय, किंवा उलट खूप ताप, नाडी आणि बडबड एकदम वाढली, तर रिपोर्टची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी.

७. गोळी लागलीच तर ती पोटात पोचली पाहिजे

शुद्धीवर असेल तर सोपं. सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. स्टिरॉइडसोबत कॅल्शियमची गोळी बहुतेकांना दिलेलीच असते, तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत ४ तासांचं अंतर ठेवायचं. लोहाच्या गोळीचंही तेच. सोयाबीनच्या वड्या सकाळच्या नाश्त्यात नकोत.

नाकातून नळी असेल तेव्हा गडबड होते. नर्स फीडसोबतच चुरा करून टाकतात, फीडमध्ये आणि नळीला गोळी चिकटते, अर्धीच आत जाते, मग टीएसएच उतरत नाही आणि डोस वाढवत राहतात. विचारा की गोळीच्या आधी आणि नंतर एकेक तास फीड थांबवता येईल का. चुरा आयत्या वेळी, थोड्या पाण्यात, लगेच द्यायचा आणि मागून पाणी सोडायचं.

फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन सुरू झालं, बंद झालं, की थायरॉक्सिनची गरज बदलते. न्यूरोलॉजिस्टनं फिटची गोळी बदलली हे एन्डोक्रायनोलॉजिस्टला तुम्हीच सांगायचं असतं, दोघांचे दवाखाने वर्धा रोडवर समोरासमोर असले तरी.

बाटली खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत बंद गाडीतली गोळी म्हणजे नुसता पांढरा खडू. घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा बघा, आणि गरम भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा.

८. परत टेस्ट कधी

टी४ रक्तातून अर्धं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी. दहा दिवसांत घाईनं केलेली टेस्ट आधीच्याच डोसचं सांगते. हॉस्पिटलमध्ये काहीतरी तिरपं आलं होतं पण गोळी दिली नाही, अशांनीही घरी स्थिरावल्यावर साधारण त्याच अंतरानं एकदा करून घ्यावी. टीपीओ खरंच पॉझिटिव्ह निघाली असेल आणि टीएसएच नॉर्मल असेल तर वर्षातून एकदा टीएसएच पुरतं.

येताना तेच एक पान आणा, जुने रिपोर्ट आणा, आणि गोळी खिशात आणा. गोंदियाहून येणारे एक काका आहेत, सकाळच्या गाडीनं उतरतात, रक्त देतात, आमच्याच कूलरच्या पाण्यासोबत गोळी घेतात आणि मग बाहेरच्या ठेल्यासमोर मोबाइलवर पाऊण तासाचा टायमर लावून बसतात. ठेलेवाला आता विचारतपण नाही, टायमर वाजला की तर्री पोह्यांची प्लेट त्यांच्या हातात.